पाठीवरचा जुना फवारणी पंप घरच्या घरी बॅटरीवर करायचा तर

कपाशी गुडघ्याला लागली की फवारणी सुरू होते आणि बोंडं फुटेपर्यंत काही पाठ सोडत नाही. तोवर दांडा मारणाऱ्या हाताचं काय होतं, हे जळगाव जिल्ह्यात, चोपड्या-पारोळ्याकडच्या माणसाला सांगायला नको. बहुतेकांच्या गोठ्यात दांड्याचा एखादा जुना १६ लिटरचा पंप पडलेला असतोच. टाकी धडधाकट, पट्टे ठीक, फक्त आतला सिलिंडर आणि वायसर गेलेले. हा पंप बॅटरीवर करता येतो. मी केलाय, वापरतोय, गावात इतरांनाही करून दिलाय. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

जोडणीला घाबरू नका. चार वायरी, एक स्विच, एक फ्यूज, संपलं. माणसं अडकतात ती दोन ठिकाणी: बॅटरी विकत घेताना आणि पंप तयार झाल्यावर औषधाचं माप धरताना. पहिल्या ठिकाणी पैसे जातात, दुसऱ्या ठिकाणी पीक जातं. या दोन्हींवर खाली जरा सविस्तर लिहिलंय, बाकीचं भरभर.

१. आधी ठरवा: करायचा की आयता घ्यायचा?

पैसे वाचतील म्हणून करायला निघाला असाल तर थांबा. टाकी घरची धरली तरी मोटर, बॅटरी, चार्जर, गन आणि किरकोळ सामान मिळून साधारण १,८०० ते २,३०० रुपये जातात. बाजारात तयार बॅटरी पंप अडीच हजारांच्या पुढे मिळतो. म्हणजे वाचतात ते फार तर पाचसातशे. खरा फायदा वेगळा आहे. स्वतः जोडलेल्या पंपात काय बिघडलं ते तुम्हाला कळतं, आणि ऐन फवारणीत पंप दुकानात ठेवून चार दिवस वाट बघावी लागत नाही. शिवाय तयार पंपात बऱ्याचदा जी हलकी बॅटरी घालतात, तिच्याऐवजी आपल्या पसंतीची घालता येते.

महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर फवारणी पंपासाठी अधूनमधून अर्ज निघतात, त्यात बॅटरीचे पंपही असतात. ते चालू असतील तर आधी अर्ज टाका. अर्जाला लागणारे कागद हाताशी ठेवा. नंबर लागला तर हा लेख दुरुस्तीपुरता कामाला येईल.

या तीन प्रसंगी जुना पंप बॅटरीवर करू नका:

टाकीला बुडाशी बारीकशी जरी चीर असेल तर नको. एम-सीलनं ती चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी औषध तुमच्या पाठीवर येतं.

त्या टाकीतून कधीही टू-फोर-डी मारलं असेल आणि आता कपाशीवर वापरायचा विचार असेल तर अजिबात नको. या तणनाशकाला कपाशी फार हळवी आहे. टाकीत, नळीत उरलेल्या थेंबांनीही पानं बारीक, चिरल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी येतात. उसाला, मक्याला, गव्हाला वापरलेला पंप कपाशीला आणताना हे हमखास होतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा. टाकीवर लाल ऑइलपेंटनं तसं लिहून ठेवा.

तिसरं, मोठी केळी. रावेर-यावलकडचे भाऊ विचारतात म्हणून सांगतो: वाढलेल्या बागेत करप्यासाठी वरच्या पानांपर्यंत फवारा न्यायला हा पंप पुरत नाही, तिथं एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा मोठा फवारणी पंपच लागतो. लागवडीनंतरच्या पहिल्या दोनतीन महिन्यांत सीएमव्ही हा विषाणूरोग पसरवणाऱ्या माव्यासाठी मात्र हा पंप छान चालतो.

२. सामान आणि हत्यारं

सामान:

- जुन्या पंपाची टाकी, झाकण, गाळणी आणि पट्टे
- १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर (आतल्या रबरी पडद्यानं पाणी ढकलणारी), ऑटो कटवाली (ट्रिगर सोडला की आपोआप बंद होणारी)
- बॅटरी (पुढच्या मुद्द्यात)
- त्याच बॅटरीचा चार्जर
- फ्यूज होल्डर आणि ५ अँपिअरचे चारपाच पट्टी फ्यूज, गाडीला लागतात तेच
- रबरी टोपी असलेला टॉगल स्विच
- चार्जिंगचं सॉकेट, झाकणासह
- दीड स्क्वेअर एमएमची मऊ वायर, लाल आणि काळी, दोन-दोन मीटर
- अर्धा इंची टँक कनेक्टर, दोन रबरी वायसरसह
- जाळीची नळी आणि स्टीलच्या क्लिपा
- गन, लान्स (गनपुढची लांब नळी) आणि नोझल
- बॅटरी-मोटरसाठी प्लॅस्टिकचा डबा. घरातल्या फिटिंगचा मोठा जंक्शन बॉक्स चालतो.
- हवा असल्यास वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर

हत्यारं: ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, पक्कड, पाना, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर सांध्यावर घट्ट बसणारी नळी) आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर घ्याच. दोनतीनशेचा पिवळा पुरतो. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात साप चाचपण्यासारखं आहे.

जळगावला गोलाणी मार्केट, धुळ्याला आग्रा रोडच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. मोटर आणि गन मात्र कृषी केंद्रात किंवा पंप दुरुस्तीवाल्याकडे बघा. उद्या डायफ्रॅम फाटला तर त्याच मापाचा किट त्याच्याकडे मिळेल का, हे मोटर घेतानाच विचारा. ऑनलाइन शंभर रुपये स्वस्त मिळालेल्या मोटरीचा किट कुणाकडेच नसतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे.

मोटरीवरचा कागद वाचा. ३ ते ४ लिटर मिनिटाला आणि २ ते ३ अँपिअर असं काही लिहिलं असेल तर बरोबर. १०० पीएसआय दाबाच्या, ६० वॉटच्या मोठ्या मोटरी गाड्या धुवायला ठीक. पाठीवर त्या बॅटरी लवकर खातात आणि फवाऱ्याचं धुकं करून टाकतात. ते धुकं पानावर कमी आणि नाकात जास्त जातं.

३. बॅटरी: इथं घाई नको

दोन प्रकार समोर येतील.

पहिली बंद लेड-ॲसिड, १२ व्होल्ट ७ किंवा ८ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप). स्वस्त, तालुक्याच्या गावी कुठंही मिळते, चुकीच्या वागणुकीला सोसते. पण जड. ८ एएचची अडीच किलोच्या आसपास भरते. १६ लिटर पाणी आधीच पाठीवर, त्यात ही भर. हिला पूर्ण रिकामं केलेलं चालत नाही. रोज अर्ध्यापर्यंतच वापरली तर टिकते, रोज तळ गाठला तर एका हंगामात फुगते किंवा बसते. म्हणजे ८ एएचमधले भरवशाचे चारच.

दुसरी लिथियम फॉस्फेट. ३.२ व्होल्ट ६ एएचचे जाडे गोल सेल असतात, असे चार एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. चार सेल मिळून वजन सहाशे ग्रॅमच्या घरात. सहातले पाच-साडेपाच एएच बिनधास्त वापरता येतात. दोन अँपिअर ओढणारी मोटर अडीच तास चालते. जपून वापरली तर लेड-ॲसिडच्या कित्येक पट टिकते. फक्त हिला बीएमएस नावाची संरक्षक पट्टी लागते आणि चार्जर १४.६ व्होल्टचाच लागतो.

माझं मत विचाराल तर सोल्डरिंग येत असेल किंवा येणारा माणूस ओळखीचा असेल तर लिथियम फॉस्फेट. नसेल तर लेड-ॲसिड घ्या आणि रोज संध्याकाळी चार्ज करायची शिस्त ठेवा.

आता फसवणुकीचे प्रकार.

लेबलवर १२ एएच, हातात घेतली तर वजन काहीच नाही. लेड-ॲसिडमध्ये शिसं असतं, शिशाला वजन असतं. ७ एएचची खरी बॅटरी दोन किलोच्या खाली भरत नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि मगच पैसे द्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

'लिथियम पॅक' म्हणून जुन्या लॅपटॉपचे किंवा ई-स्कूटरचे काढलेले सेल नवी निळी-हिरवी पिशवी चढवून विकतात. हे बहुधा वेगळ्या जातीचे, ३.७ व्होल्टचे असतात. तापले, चेमटले, शॉर्ट झाले तर पेट घेतात. पाठीवर बांधायच्या वस्तूत ते नकोच. सुटे सेल घेताना चारही मल्टिमीटरनं मोजा. चारही साधारण सारखे दाखवले पाहिजेत. तीन ३.२८ आणि एक ३.०५ असेल तर तो एक परत करा.

घरी आणल्यावर एक चाचणी करा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा दिवा गॅरेजमध्ये मिळतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, फ्यूज लावून दिवा जोडा, वेळ लिहा. दिवा भयंकर तापतो म्हणून फरशीवर, कापडापासून लांब ठेवा. लेड-ॲसिडला जोडलेल्या दिव्यावर मल्टिमीटर लावून बघत राहा. १०.५ व्होल्टवर आली की तोडा. ८ एएचची चांगली बॅटरी साडेतीन तासांच्या आसपास दिवा जाळते. दीड तासात मान टाकली तर बिल घेऊन परत जा. बिलावर तारीख आणि दुकानाचा शिक्का असल्याशिवाय बॅटरी घ्यायचीच नाही, ते याचसाठी. लिथियम फॉस्फेटचा ६ एएचचा पॅक याच दिव्यावर तीन तासांच्या पुढे गेला पाहिजे. तिथं शेवटी बीएमएस स्वतःच तोडतो. ही कसोटी नवी बॅटरी आल्यावर एकदाच. रोज करायची नाही.

चार्जरची गल्लत सगळ्यात जास्त होते. बाहेरून सगळे सारखे दिसतात, पिनही तीच बसते. १२.६ व्होल्टचा चार्जर तीन सेलच्या ३.७ वाल्या पॅकचा. तो लावला तर आपला पॅक कधीच भरत नाही. १६.८ व्होल्टचा चार सेलच्या ३.७ वाल्याचा. तो लावला तर सगळा भार बीएमएसवर, आणि तो फसला की सेल गेले. लिथियम फॉस्फेटला १४.६, लेड-ॲसिडला १४.४ च्या आसपास जाऊन आपोआप कमी होणारा. चार्जरवर मार्करनं 'पंप' लिहा, म्हणजे पोरं मोडेमचा किंवा ट्रिमरचा लावणार नाहीत.

४. टाकी तयार करणं

दांडा, सिलिंडर, आतली हवेची नळी सगळं काढा. टाकी सोड्यानं दोनतीनदा धुवा, हातमोजे घालून. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात, गुरांच्या हौदाजवळ टाकायचं नाही.

सिलिंडर जिथं होता ते भोक आट्याच्या टोपीनं आणि रबरी वायसरनं बंद करा. टाकीच्या बुडाशी, सगळ्यात खोलगट जागी टँक कनेक्टरसाठी नवं भोक पाडा. इथं एक हट्ट धरा: भोक ड्रिलनंच पाडायचं. गावात सळई तापवून भोसकायची सवय आहे. तसं भोक वेडंवाकडं होतं, कडेला प्लॅस्टिकचा गड्डा राहतो आणि वायसर कधीच नीट बसत नाही. ड्रिलचा छोटा बिट आधी, मग मोठा, मग कानस.

कनेक्टरला आतून एक आणि बाहेरून एक वायसर. हातानं घट्ट, मग पान्यानं अर्धा फेरा. जास्त आवळलं तर टाकीच तडकते.

डबा टाकीच्या खाली, मूळच्या बैठकीत बसवा. डब्याच्या तळाला एक लहान भोक मुद्दाम ठेवा. कधी आत औषध गेलंच तर ते साचून बॅटरीत मुरू नये, खाली टपकून दिसावं.

५. वायरिंग

क्रम असा, आणि असाच:

बॅटरीचा प्लस → फ्यूज → स्विच → रेग्युलेटर (असेल तर) → मोटरीचा ऑटो कट → मोटर → बॅटरीचा मायनस.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांच्या आत. लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाली तेव्हा तो काहीच वाचवत नाही. मोटर तीन अँपिअरच्या वरची असेल तर साडेसातचा फ्यूज चालेल. फ्यूज उडतोय म्हणून तांब्याची तार पिळून घालणाऱ्यांना एकच सांगणं: मग फ्यूज ठेवूच नका, निदान तो आहे असा भ्रम तरी राहणार नाही.

चार्जिंगच्या सॉकेटचा प्लस फ्यूजनंतर आणि स्विचच्या आधी जोडा. म्हणजे स्विच बंद असतानाही चार्ज होतं आणि चार्जिंगच्या वाटेवरही फ्यूज राहतो. सॉकेटचा मायनस सरळ मायनसला.

लिथियम फॉस्फेट असेल तर बीएमएस चार सेलचाच, १० अँपिअर किंवा वरचा घ्या. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, बारका बीएमएस तिथंच तोडतो. आधी बी मायनसची (सेलकडच्या मायनसची) वायर, मग सेलांच्या सांध्यांवरून येणाऱ्या बारीक वायरी एकामागून एक. पट्टीला सोल्डर करण्याआधी प्रत्येक वायर मल्टिमीटरनं बघा: बी मायनसपासून ३.२, ६.४, ९.६ आणि शेवटी १२.८ च्या जवळपास आकडे चढत गेले पाहिजेत. क्रम चुकला तर पट्टी धूर काढते. मोटर आणि चार्जर दोन्हींचा मायनस मग पट्टीवरच्या पी मायनसला (बाहेर जाणाऱ्या मायनसला) जातो, सेलला थेट नाही. सगळं जोडूनही मोटर हूं की चूं करत नसेल तर घाबरू नका. नवी पट्टी बऱ्याचदा झोपलेली असते, चार्जर क्षणभर लावला की जागी होते.

सेलवर थेट सोल्डर मारू नका, उष्णतेनं सेल आतून खराब होतो. निकेलची पट्टी आधीच लावलेले किंवा स्क्रूचे सेल मिळतात, ते घ्या.

मल्टिमीटरचा एक सापळा नवख्यांना हमखास पकडतो. मोटर किती अँपिअर ओढते ते बघायला लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालतात, मोजतात, आणि पिन तिथंच ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघायला जातात. तो सरळ शॉर्ट असतो. ठिणगी, जळालेली पिन, मेलेला मीटर. अँपिअर मोजून झालं की पिन परत जागेवर घालायची, मगच दुसरं काम.

सांध्यांवर हीट श्रिंक, लेड-ॲसिडच्या टोकांना व्हॅसलीन. मोटरीवर बाण असतो. टाकीकडची नळी आत जाणाऱ्या बाजूला, गनची बाहेर येणाऱ्या बाजूला. टाकी आणि मोटर यांच्यामध्ये जाळीची गाळणी विसरू नका.

६. आधी साधं पाणी

पाच लिटर पाणी घाला, अंगणात ठेवा, चालू करा. पाठीवर अजून नको. सांध्यांखाली कोरडा कागद किंवा वर्तमानपत्र पसरा. गळती डोळ्याला दिसण्याआधी कागदाला कळते.

ट्रिगर सोडला की मोटर थांबली पाहिजे. थांबून पुन्हा टक-टक-टक करत असेल तर कुठं तरी बारीक गळती आहे, बहुतेक गनच्या वायसरला. गळती नसूनही टकटक चालू असेल तर ऑटो कटचा स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा.

पंधरा मिनिटं चालवा आणि मग फ्यूज, स्विच, वायरीचे सांधे हाताला लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर तो सांधा पुन्हा करा.

७. पंपामागं औषध किती: सगळ्यात महत्त्वाचं

जुन्या पंपाला एकरी दहा टाक्या लागायच्या, म्हणून टाकीमागं दहा मिली घालायची सवय. नव्या पंपालाही तेच माप लावलं की घोळ होतो. मोटरीचा दाब सारखा असतो, नोझल वेगळं असतं, दांडा मारायचा नसल्यानं माणूस भरभर चालतो. एकरी पाणी बदलतं. पाणी बदललं की टाकीमागचं माप बदललंच पाहिजे. नाही तर एक तर अळी मरत नाही, किंवा औषध दुप्पट पडून पीक करपतं.

हे मोजायला कागद-पेन आणि एक मापाचं भांडं पुरतं. एक गुंठा जागा आखा, ३३ फूट बाय ३३ फूट. टाकीत मोजून दहा लिटर साधं पाणी घ्या. जसे एरवी फवारता तसेच, त्याच चालीनं, त्याच उभ्या पिकावर एक गुंठा फवारा. उरलेलं पाणी मोजा. समजा साडेसात लिटर उरलं, म्हणजे गुंठ्याला अडीच लिटर गेलं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकरी १०० लिटर. १६ लिटरच्या सव्वासहा टाक्या.

आता लेबल बघा. समजा एकरी १०० मिली लिहिलंय. १०० भागिले सव्वासहा, म्हणजे टाकीमागं १६ मिली. जुन्या सवयीनं दहाच घातले असते तर एकराला साडेबासष्ट मिली पडलं असतं आणि दोष औषधाला गेला असता.

काही लेबलांवर एकरी माप असतं, काहींवर हेक्टरी, काहींवर लिटरमागं. हेक्टरी असेल तर अडीचनं भागा. लिटरमागं असेल तर हा हिशेब नको, सरळ १६ नं गुणा. पण मग पानं नीट ओली होताहेत ना, ते बघा.

कपाशी वाढते तसं पाणी वाढतं. गुडघ्याएवढ्या पिकाचं माप छातीएवढ्या पिकाला लागू होत नाही. एक गुंठ्याची कसरत हंगामात निदान दोनदा करा. बाटलीच्या टोपणानं मोजणं सोडा, टोपणं सगळी वेगळी असतात. कीटकनाशकाला पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल, तणनाशकाला पंख्यासारखा सपाट किंवा फ्लड जेट. नोझल बदललं की गुंठा पुन्हा मोजायचा.

८. अंगाची काळजी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कपाशी तिथली तशीच आपली. बॅटरीच्या पंपात एक जादा धोका आहे: हात दुखत नाहीत म्हणून माणूस थांबतच नाही, आणि फवारा बारीक असल्यानं अंगावर जास्त येतो. रेग्युलेटर लावला असेल तर दाब कामापुरताच ठेवा. वारा मागून घ्या. भर दुपारी नको, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. कपाशी छातीच्या वर गेली असेल तर पुढून प्लॅस्टिकचा कागद बांधा, कारण ओल्या पानांतूनच चालायचं असतं.

फवारणी चालू असताना तंबाखू मळायची नाही. चोक झालेलं नोझल तोंडानं फुंकायचं नाही. जुना टूथब्रश खिशात ठेवा. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही वाटलं तर पंप खाली, कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

९. 'भाऊ, मोटर फिरस पन पानी काबर येत नही?'

मोटर फिरते पण पाणी का येत नाही, हा फोन येतोच. उत्तर ठरलेलं आहे. आधी गाळणी काढून बघा, पावडरचं औषध नीट न कालवता टाकलं की तिथं लगदा बसतो. पावडर आधी बादलीत घोळायची, फडक्यानं गाळायची, मग टाकीत. गाळणी साफ असेल तर नोझल काढून टाका आणि ट्रिगर दाबून ठेवा, हवा अडकलेली असेल तर निघून जाते. तरी नाही तर मोटरीच्या तोंडातल्या रबरी झडपा चिकटल्या आहेत. चार स्क्रू काढा, कोमट पाण्यानं धुवा, जशा होत्या तशा बसवा. उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मोटर अजिबात फिरत नाही: फ्यूज, मग स्विच, मग ऑटो कटच्या दोन वायरी. ऑटो कटच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना लावल्यावर मोटर फिरली तर ऑटो कट गेला.

सुरुवातीला जोर, दहा मिनिटांत मंद: बॅटरी. चालू मोटरीवर व्होल्ट मोजा. लेड-ॲसिड भरलेली असूनही चालू करताच ११ च्या खाली बसत असेल तर ती संपली.

१०. ऊन आणि हंगाम संपल्यावर

आपल्याकडचं ऊन बॅटरीचा खरा शत्रू आहे. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंशांमागं जवळपास निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. म्हणून पंप शेडमध्ये पत्र्याखाली टांगू नका, घरात फरशीवर ठेवा. शेतातून उन्हात तापून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. जेवणं होऊ द्या, रात्री लावा, आणि अंथरुणाजवळ किंवा कडब्याजवळ नको.

रोजचं काम झालं की दोन लिटर स्वच्छ पाणी टाकीत घालून गनमधून सोडा. एवढं केलं तर झडपा वर्षभर चिकटत नाहीत.

शेवटची फवारणी झाली की टाकी धुऊन उलटी ठेवा, नोझल काढून वेगळं ठेवा, फ्यूज काढून टाका. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची आणि दर महिन्याला एकदा चार्ज करायची. रिकामी ठेवली तर पुढच्या जूनमध्ये ती उठत नाही. लिथियम फॉस्फेट उलट, अर्धी भरलेली ठेवा आणि दोनतीन महिन्यांनी एकदा व्होल्ट बघा. १२.८ च्या खाली गेली असेल तर अर्धा तास चार्जर लावा. मेलेली लेड-ॲसिड भंगारात देताना वजनावर भाव मागा, नवी घेताना दुकानदारही जुनीचे पैसे वळते करून देतो.